वाघळाचं उष्टं

आंबेसावळीच्या वडाला पानांपेक्षा वाघळंच जास्त लागतात, असं राजूरच्या बाजारात लोक चेष्टेनं म्हणतात. चेष्टा सोडली तरी ते फारसं खोटं नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला तो वड, आणि त्यावर दिवसभर उलटी टांगलेली, अंगाभोवती पंख गुंडाळलेली, मधूनच जागेवरून कचाकचा भांडणारी ती वाघळं. दिवेलागणीला सगळी एकदम उठायची आणि आभाळ काळं करत फळबागांकडं निघायची. गावानं त्यांच्यासाठी एक रिवाज पाळला होता. वरात असो की मिरवणूक, वडाजवळ आली की वाजंत्री हात आवरायचे. वड मागे पडला की पुन्हा ढमढम सुरू. कारण विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "झोपलेल्याला उठवू नये." गावात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि म्हणूनच ते कुणी कुणाला सांगत नसे.

शीतलच्या लग्नातही ते कुणी कुणाला सांगितलं नाही. तिथंच सगळं अडलं.

शीतल म्हणजे भागवतरावांची थोरली लेक, आरोग्य उपकेंद्रात नर्स. त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की ती खुशी लपवायची कशी हाच तिच्यापुढं प्रश्न. नवरीनं खाली मान घालून बसावं, अधूनमधून डोळ्याला पदर लावावा, अशी रीत. हिला मात्र सारखं हसू फुटत होतं. नवरा मनासारखा मिळाला होता. राधेश्याम जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. बोलायला कमी, ऐकायला तरबेज. साखरपुड्यानंतर दुसऱ्या पोरी फोनवर साड्या आणि सिनेमे बोलतात, शीतल त्याला वाघळं सांगायची. केरळातल्या निपाहच्या साथीनंतर जालन्याला तिचं प्रशिक्षण झालं होतं. तेव्हापासून ती गावभर सांगत फिरायची, की वाघळानं कुरतडलेलं फळ खाऊ नका, पाण्याची भांडी झाका, खाली पडलेल्या वाघळाला हात लावू नका. गाव मान डोलवायचं आणि कुरतडलेला पेरू धोतराला पुसून खायचं. "वाघळाला कळतं गोड कोणतं ते," वर हेही ऐकवायचं. राधेश्याम मात्र मधे मधे प्रश्न विचारायचा. खरं सांगायचं तर त्या प्रश्नांवरच ती भाळली होती.

"हलू नको गं, बाशिंग वाकडं होऊन राह्यलंय," संध्या म्हणाली. संध्या तिच्याच उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी. पदानं वरची, पण दोस्तीत बरोबरीची. सकाळपासून नवरीच्या मागंपुढं तीच होती.

तेवढ्यात भिंत हादरली. खरंच हादरली, खिडकीची तावदानं थरथरली. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची त्याची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, आणि राधेश्यामच्या चुलतभावांनी जालन्याहून आणलेला डीजे वडाच्या अगदी बुडाशी येऊन पूर्ण आवाजात सुरू झाला होता. त्यावर कडी म्हणून कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली.

"वडाखाली?" शीतल ताडकन उठली. "अगं, वडाखाली वाजवून राह्यले ते!"

बाशिंग हातात धरून ती गच्चीवर पळाली, मागं संध्या. वर येऊन बघतात तर वड जणू उकळत होता. भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, सगळी वाघळं एकदम उठली होती. उन्हात त्यांचे पंख तांबूस दिसत होते, पोटाशी पिल्लं चिकटलेल्या माद्या गरगर फिरत होत्या, आणि चिरचिराटापुढं डीजेसुद्धा बारीक वाटत होता. शीतलनं आयुष्यभर ती वाघळं पाहिली होती, पण अशी कधीच नाही. क्षणभर ती हरखून गेली. अंगावर काटा आला, भीतीनं नाही, आनंदानं. एवढी मोठी, एवढी देखणी जनावरं आपल्या गावात राहतात याचा तिला अभिमानच वाटला.

मग तिची नजर खाली गेली. वडाच्या पलीकडं, मैदानाच्या कोपऱ्यात, भिवा आचाऱ्याचा भटारखाना. वर कापड नाही, काही नाही. धुरानं डोळे जळतात म्हणून सकाळीच ते सोडून ठेवलं होतं. चादरींवर पसरलेली बुंदी, टोपल्यांत पुऱ्या, कापलेली काकडी, उघड्या ड्रममध्ये मठ्ठा. आणि घाबरलेलं जनावर जे करतं तेच ती वाघळं वरून करत होती. शिटत होती, मुतत होती, तोंडात धरलेला चोथा टाकत होती.

"संध्या," शीतल म्हणाली, "जेवण गेलं."

दोघी खाली धावल्या. हळदीच्या अंगानं नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, असं कुणीतरी मागून ओरडलं. ओरडेपर्यंत ती मैदानात पोचलीही होती.

डीजे एव्हाना बंद झाला होता, पण वाघळं अजून घिरट्या घालत होती. भटारखान्यात भिवा झाऱ्यानं बुंदीचा वरचा थर बाजूला सारत होता, आणि शेजारी भागवतराव घामाघूम होऊन उभे होते. सारं गाव आणि इवायाकडचे, म्हणजे नवरदेवाकडचे, सगळे पाहुणे जेवायला बसायचे होते. बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अप्पा, हे वाढू नका," शीतल धापा टाकत म्हणाली.

"तू इथं कशी? आत जा आधी!"

"जाते. पण हे वाढू नका. वाघळाच्या थुंकीतून, मुतातून रोग येऊ शकतो. निपाह."

"वाघळं काय आज आली का गावात?" भागवतराव भडकले. "माझ्या आज्याच्या आधीपासून हायेत. कोण मेलं?"

"सगळ्या वाघळांत रोग असतो असं मी म्हणतच न्हाई. यांच्यात बहुतेक नसंलच. पण असला तर? एकाच्या अंगात जरी गेला तर त्याच्यावर औषध न्हाई, अप्पा. आणि ती अशी भेदरली की जास्त विषाणू सोडतात."

"वरचा थर काढतो की, ताई," भिवा समजुतीच्या सुरात म्हणाला. "खालची बुंदी एकदम चोख हाय. पुऱ्या झटकून घेऊ."

"वरण तर उकळतंय," भागवतरावांना धागा सापडला. "उकळल्यावर मरतं ना तुमचं ते जंतू?"

"वरणाचं मी सोडते. उकळतं हाय, राहू द्या. पण बुंदी, पुऱ्या, काकडी, मठ्ठा..."

"म्हंजे वरण चालतं अन् बुंदी चालत न्हाई! पोरी, बुंदीबिगर पंगत उठवली तर जन्मभर ऐकावं लागंल मला. तुला तिथं नांदायचंय." त्यांचा आवाज खाली आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी बघितलं न्हाई. गप वाढून टाकू."

संध्यानं सांगून पाहिलं. विषाणू म्हणजे काय, तो कशात किती टिकतो, केरळात काय झालं. ती छान बोलत होती, पण माणसं तिच्याकडं अशी बघत होती जशी टीव्हीवरच्या बातमीकडं बघतात. शीतलला रडू यायला लागलं. वर्षभर गावाला सांगितलं ते सगळं पाण्यात गेलं होतं आणि आता तिच्याच लग्नात, तिच्याच पाहुण्यांच्या पानात ते वाढलं जाणार होतं. लग्न मोडलं तर? हाही विचार आला. राधेश्यामचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

गलका ऐकून तिचे आजोबा कारभारी आबा काठी टेकत आले. पंगतीच्या बाबतीत आबा म्हणजे गावचं हायकोर्ट. कुठं कोणाला आधी बसवायचं, कोणाच्या पानाला काय लागतं, सगळं त्यांना विचारून. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

शीतलनं डोळे पुसले. भिवाच्या हातातला झारा घेतला, बुंदीत खोल घातला आणि त्यांच्यापुढं धरला. पिवळ्याधमक कळ्यांच्या मधोमध एक चघळलेला, थुंकीनं बुळबुळीत झालेला वडाच्या फळाचा चोथा होता.

"आबा, हे वाघळानं चावलंय, चघळलंय अन् थुकलंय. ही बुंदी उष्टी हाय. मी बाकी काही सांगत न्हाई. इवायाच्या पानात वाघळाचं उष्टं वाढायचं का, तेवढं तुम्ही सांगा."

विषाणू म्हणजे काय ते कुणाला दिसलं नव्हतं, पण उष्टं सगळ्यांना दिसलं. भिवानं हातातलं फडकं खाली टाकलं. आबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच पानात कुणी थुंकलं होतं.

"इवायाच्या पानात उष्टं?" ते भागवतरावांकडं वळले. "भागवत, अरे दुस्मनाला बी असलं वाढत न्हाईत!"

"आबा, वरचा थर..."

"उष्ट्याला थर असतो का रे? सगळं काढा! बुंदी, पुऱ्या, वरण, सगळं!"

"आबा, वरण उकळतंय, ते चालंल," शीतल घाईनं म्हणाली.

"तू गप! पंगतीचं मला कळतं." अशा रीतीनं वरणही गेलं. 'उष्टं' हा शब्द एवढा लागू पडेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती रडता रडता हसायला लागली. शेजारच्या शेतात पाइपलाइन खोदायला आलेला जेसीबी उभा होता. आबांनी त्यालाच बोलावणं धाडलं. "खोल खड्डा घ्यायला सांगा, कुत्र्या-डुकरांच्या बी तोंडी लागू नये," संध्यानं बजावलं.

शीतलनं सगळ्यावर नजर फिरवली. बुंदी, पुऱ्या, काकडी. मठ्ठ्याचा ड्रम जागेवर नव्हता.

"मठ्ठा कुठंय?"

भिवानं भागवतरावांकडं बघितलं, भागवतरावांनी जमिनीकडं. "गाळून पाठवला," ते पुटपुटले. "वरातीला. उन्हात नाचून राह्यली पोरं..."

शीतल पळाली. शालूचा सोगा एका हातात, बाशिंग दुसऱ्या हातात, बांगड्या खळखळ वाजताहेत, मागं संध्या, तिच्यामागं निम्मं गाव. दारादारांतून बाया बाहेर आल्या. नवरी पळून चालली असंच त्यांना वाटलं, फक्त ती नवरदेवाच्या जानोशाच्या दिशेनं का पळतेय हे कुणाला कळेना. चप्पल कुठं सुटली तेही तिला कळलं नाही. तापलेल्या मुरुमावर पाय भाजत होते आणि डोक्यात एकच होतं: कुणी प्यायलं नसावं.

मारुतीच्या पारावर वरात सावलीला बसली होती. ड्रम मधोमध, गिलास भरले जात होते. पहिला मान नवरदेवाच्या आईचा. सगुणाबाई भरजरी साडीत, घामानं निथळत, गिलास ओठांना लावणार एवढ्यात शीतल पोचली.

"आत्याबाई, पिऊ नका!"

सांगून थांबायला वेळ नव्हता. तिनं हात मारला. गिलास उडाला, आणि सगळा मठ्ठा सगुणाबाईंच्या साडीवर.

लग्न लागायच्या आधीच सुनेनं सासूच्या हातावर हात टाकला होता, आणि तोही गावासमोर. राधेश्याम जागचा उठला.

"कुणी प्यायलं का? खरं सांगा, कुणी घोट तरी घेतला का?" शीतल सगळ्यांना विचारत होती. कुणीच नाही. पहिला गिलास सगुणाबाईंचा, त्यांच्या आधी तोंड लावायची कुणाची छाती होती? रिवाजानं एकदा तरी उपकार केले.

"आत्याबाई, वडावरची वाघळं उठली, सगळं जेवण खराब झालं. मठ्ठा बी. गाळून पाठवलाय, पण त्यात त्यांचं मूत हाय, उष्टं हाय. पोटात जायला नको होतं. साडी मी धुऊन देईन. लगीन मोडायचं तर मोडा, पण हे पिऊ नका."

"आई, ती बराबर बोलून राह्यली," राधेश्याम म्हणाला. त्यानं पाराच्या कडेला बोट दाखवलं. तिथं एक टोपलं पालथं घालून वर दगड ठेवला होता. "एक वाघूळ वरून पडलं. पोरं काठीनं डिवचायला चालली होती. हिनं सांगितल्तं, हात लावायचा न्हाई, झाकून ठेवायचं, वन खात्याला फोन करायचा. म्हणून झाकलं. येऊन राह्यलेत ते."

राधेश्यामचा एक धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "असली घाण गावात ठेवलीच कशाला? तोडून टाका तो वड!"

"तोडला की ती वाट फुटंल तिकडं जातील," शीतल त्याच्यावर उसळली. "तुमच्या दारातल्या चिंचेवर बी येतील, उपाशी, भेदरलेली. तेव्हा जास्त धोका. झोपू दिलं तर ती कुणाचं काय घेत न्हाईत. उठवलं तुम्ही!"

बाशिंग हातात, अनवाणी, घामानं काजळ ओघळलेलं, आणि सासरच्यांना दटावतेय. राधेश्याम तिच्याकडं असा बघत होता की संध्यालाच लाज वाटली.

सगुणाबाईंनी साडीवरचा मठ्ठा हातानं निपटला. हात बाजूला झटकला. "लोक म्हणतील, सून उंबऱ्यात यायच्या आधीच हात उचलून राह्यली," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणू दे. माझ्या पोटात तर गेलं न्हाई." मग त्या आपल्या पुतण्यांकडं वळल्या आणि तो आवाज डीजेला लाजवणारा होता. "कुणी लावला रे तिथं तो भोंगा? उठा! आधी तो ड्रम खड्डा करून ओता. अन् पोरी, पीठ हाय का तुमच्याकडं?"

"हाय. ज्वारीचं."

"बेसन?"

"पोतं भरून."

"मंग हात-पाय धुवायला साबण आण सगळ्यांना. जल्दी!"

पुढं जे झालं ते आंबेसावळीत अजून सांगतात. भटारखाना उचलून वडापासून लांब, सोसायटीच्या पत्र्याखाली नेला. दोन्हीकडच्या बायांनी नव्या साड्यांचे पदर खोचले आणि चुलींच्या रांगा पेटवल्या. इकडच्या म्हणाल्या आमची भाकरी पातळ, तिकडच्या म्हणाल्या आमची फुगते, आणि त्या ईर्ष्येत भाकऱ्यांच्या चळती उभ्या राहिल्या. भिवानं पिठल्याला असा काही झणझणीत तडका दिला की मारुतीच्या पारावरची माणसं शिंकली. डीजेवाल्या पोरांना सगुणाबाईंनी कांदे सोलायला बसवलं. मुहूर्त टळला, भटजी दोनदा आठवण करून द्यायला आले आणि दोनदा पिठल्याचा वास घेऊन परत गेले. वडावर वाघळं एक एक करून परत टांगली जात होती. वन खात्याची माणसं हातमोजे घालून आली, टोपल्याखालचं वाघूळ पेटीत घालून घेऊन गेली. आणि शीतल मंडपाकडं जाता जाता ठरवून टाकत होती, की उद्यापासून गावात 'विषाणू' हा शब्द काढायचाच नाही.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पंगत बसली. पानात पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. भागवतराव पंगतीपुढं उभे राहिले, आणि शीतलचं लक्ष त्यांच्याकडं गेलं. दिवसभर ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मुलीच्या बापानं पंगतीपुढं हात जोडून एक वाक्य म्हणायचं असतं. काही चुकलं-माकलं असलं तर पदरात घ्या. सगळे बाप म्हणतात. काय चुकलं ते कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही.

भागवतरावांनी हात जोडले. "चुकलं-माकलं..." म्हणाले आणि थांबले. "चुकलं. खरंच चुकलं, पाव्हनं. वडाखाली वाजवू नका हे आम्ही तुम्हाला सांगितलं न्हाई. ती चूक आमची. मंग जेवण खराब झालं, अन् मी ते गाळून, झटकून तुमच्या पानात वाढणार होतो. मठ्ठा तर पाठवला बी होता. लाज वाटली म्हणून पाठवला. तुम्हाला काही झालं असतं तर..." त्यांनी शीतलकडं पाहिलं. "ह्या पोरीनं पिऊ दिला न्हाई. बाप असून मी तिला आत जा म्हणलो."

शीतलला उठून त्यांच्याकडं जावंसं वाटलं, पण पदराची गाठ राधेश्यामच्या उपरण्याला बांधलेली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो न बोलता उठला, आणि दोघं गाठीसकट भागवतरावांपाशी जाऊन उभे राहिले. शीतलनं बापाचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. त्या हातांना साबणाचा वास येत होता. कुणी न सांगता त्यांनी धुतले होते.

बायांच्या पंगतीतून सगुणाबाईंचा आवाज आला. मठ्ठ्याचा पांढरा डाग त्यांच्या साडीवर अजून तसाच होता. "इवाई, पदरात घेतलं. आता बसा खाली अन् जेवा आमच्याबरोबर. बापानं मागून जेवायचं असतं, ठाऊक हाय मला. आज बसा."

भागवतराव खाली बसले. शीतलनं स्वतः त्यांच्या पानात भाकरी वाढली.